नस दबलेला हात: वादकांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

हाताला मुंग्या येऊ लागल्या की बहुतेक वादक तीन गोष्टी करतात. औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ आणतात, यूट्यूबवर बघून हात ताणतात आणि आठवडाभर वाद्य बंद ठेवतात. आठव्या दिवशी रियाज जुन्याच वेगाने सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत मुंग्याही परत येतात. मग कुणीतरी ऑपरेशनचं नाव काढतं आणि माणूस हादरून जातो.

पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून तबलजींपासून ढोलपथकातल्या पोरांपर्यंत अनेकांचे हात मी बघते. बहुतेक वेळा चूक उपचारांत नसते, त्यांच्या क्रमात असते. नस कुठे दबते आहे ते आधी ठरवायचं. मग रात्रीचा दाब उतरवायचा, मग दिवसाचा. त्यानंतर व्यायाम, आणि वाद्य सगळ्यात शेवटी. सौम्य आणि मध्यम त्रास असलेले बरेच हात एवढ्यावर सावरतात.

## सुरुवातीआधी: या खुणा असतील तर घरी थांबू नका

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

- बधिरपणा येत-जात नाही, चोवीस तास तसाच आहे.
- अंगठ्याखालचा मांसल उंचवटा एका हाताचा बसका दिसतो. खिडकीशी उभे राहून दोन्ही तळवे बाजूने बघा, उजेडात फरक लगेच कळतो.
- शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, वस्तू हातातून निसटतात.
- दोन्ही हात बधिर आहेत आणि चालताना तोलही जातो. हे मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण असू शकतं.
- पडल्यावर किंवा मार लागल्यावर त्रास सुरू झाला.

हात अचानक लुळा पडला, सोबत चेहरा वाकडा झाला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट इस्पितळ गाठायचं, फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट घ्यायची नाही.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. दुखत नाही, मुंग्या नाहीत, पण वाद्यावर हात गेला की एखादं बोट आपोआप वळतं किंवा उचललं जातं, आणि चहाचा कप धरताना तेच बोट अगदी नीट वागतं. हा फोकल डिस्टोनिया असू शकतो. त्याचं मूळ मेंदूकडून हाताला जाणाऱ्या हालचालीच्या नियंत्रणात असतं, दबलेल्या नसेत नाही. अशा विद्यार्थ्याला ‘रियाज कमी पडतोय’ म्हणून तेच बोट तासन्‌तास घोटायला लावलं तर त्रास वाढण्याची भीती असते. गुरुजनांना माझी कळकळीची विनंती आहे, अशा वेळी रियाज वाढवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.

## टप्पा १: कोणती नस, कुठे दबते?

कागदावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा. एका कागदावर तळव्याची बाजू, दुसऱ्यावर हाताची पाठ. चार-पाच दिवस जिथे मुंग्या किंवा बधिरपणा जाणवेल तो भाग गडद करा. शेजारी वेळ लिहा आणि तेव्हा काय करत होतात तेही लिहा. डॉक्टरसमोर ‘पूर्ण हातच बधिर होतो’ असं सांगण्यापेक्षा हा कागद कितीतरी जास्त सांगतो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू गडद झाली असेल, तर संशय मीडियन नर्व्हवर. ती मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांच्या नऊ स्नायूबंधांसोबत जाते. तिथे दबली की त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री दोन-तीनला जाग येणं आणि हात झटकला की बरं वाटणं ही त्याची ठळक खूण. तळव्याच्या मध्यभागाची संवेदना यात बहुधा शाबूत असते, कारण तिथली शाखा बोगद्याच्या आधीच वेगळी होते.

करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू गडद असेल, तर अल्नर नर्व्ह. ती कोपरात दबते किंवा मनगटात. हाताची पाठ करंगळीच्या बाजूनेही बधिर असेल, तर दाब मनगटाच्या वर, बहुतेकदा कोपरात असतो. पाठ शाबूत आणि फक्त तळव्याकडची बाजू बधिर असेल, तर मनगटाकडे बघायचं.

घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. दोन्ही मनगटं पूर्ण खाली वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा आणि ६० सेकंद थांबा. अंगठा-तर्जनीच्या भागात मुंग्या आल्या तर मनगटातल्या मीडियन नर्व्हचा संशय बळावतो. मग अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद घट्ट धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. कागद टिकवताना अंगठ्याचं पेर वाकत असेल तर अल्नर नर्व्हचे स्नायू कमजोर झाले आहेत, तपासणी लांबवू नका.

इथे होणारी चूक: मान तपासायची राहून जाते. मान वळवल्यावर किंवा मागे टाकल्यावर मुंग्या हातात उतरत असतील तर मनगटाचा पट्टा कितीही वापरा, उपयोग होणार नाही.

## टप्पा २: डॉक्टरकडे काय विचारायचं, काय तपासायचं

अस्थिरोगतज्ज्ञ, हाताचे सर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्ट, कुणाकडेही गेलात तरी चालेल. खासगीत परवडत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. आपण कोणतं वाद्य वाजवतो, दिवसाला किती आणि कसे बसून, हे न विचारताच सांगा. मोबाइलवर आपल्या वादनाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बाजूने काढून न्या.

रक्ताच्या तीन तपासण्यांबद्दल विचारा: साखर, थायरॉइड आणि बी-१२. मधुमेह आणि कमी चालणारी थायरॉइड ग्रंथी यांत कार्पल टनेलचं प्रमाण जास्त असतं. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे, आणि त्यानेही हातापायांना मुंग्या येतात. गरोदरपणात हा त्रास सुरू झाला असेल तर बाळंतपणानंतर तो बऱ्याचदा आपोआप ओसरतो. तोवर पट्टा पुरतो.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, सांगितली तर हात गरम ठेवून जा. थंड हातात नसेचा वेग कमी दिसतो आणि रिपोर्ट उगीच खराब येतो. सुरुवातीच्या सौम्य त्रासात ही टेस्ट नॉर्मलही येते, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं समजू नका.

सावधान: ‘नसांच्या गोळ्यां’त बहुधा बी-६ असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडू शकतात. डॉक्टरांनी किती दिवस घ्यायला सांगितलं आहे ते विचारा, आणि त्यापुढे मनाने चालू ठेवू नका. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी कार्पल टनेलचा दाब उतरत नाही.

## टप्पा ३: रात्रीचा दाब उतरवा

झोपेत मनगट वळून छातीशी किंवा उशीखाली जातं आणि तासन्‌तास तसंच राहतं. वादक दिवसाच्या दोन तासांचा हिशोब ठेवतात आणि रात्रीचे सात तास विसरतात. म्हणून उपचाराची सुरुवात इथून.

मीडियन नर्व्हसाठी: मनगटाचा रात्रीचा स्प्लिंट. सर्जिकल दुकानात मिळणाऱ्या तयार पट्ट्यात तळव्याच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी असते, आणि ती बऱ्याचदा मनगट मागे वाकेल अशा बेताने वळवलेली येते. बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो तो मनगट सरळ असताना. ती पट्टी खिशातून बाहेर काढा, टेबलावर ठेवा, जवळजवळ सपाट होईपर्यंत हातांनी दाबा आणि परत घाला. नंतर पट्टा बांधून कडेने बघा, हाताची पाठ आणि मनगट ते कोपर हा भाग एका रेषेत दिसला पाहिजे. घाम शोषायला आत पातळ सुती मोजा कापून घाला, नाहीतर पावसाळ्यात पट्टा चार दिवसांत कपाटात जातो.

अल्नर नर्व्ह कोपरात दबत असेल तर: मनगटाला काहीही बांधू नका. जाडसर टॉवेल कोपराभोवती गुंडाळून सैल बांधा, इतकंच की झोपेत कोपर पूर्ण दुमडणार नाही. खेळाडूंचा एल्बो पॅड उलटा, गादी आतल्या बाजूला येईल असा घातला तरी तेच काम होतं.

रोज रात्री, किमान सहा आठवडे. आराम पडत असेल तर बारा आठवड्यांपर्यंत.

तपासा: सकाळी बोटं सुजली, निळसर झाली किंवा पट्ट्याचे वळ उठले, तर पट्टा घट्ट आहे. दिवसाही पट्टा घालून वाजवू नका. मनगट अडकलं की खांदा आणि बोटं तो भार उचलतात आणि नवं दुखणं सुरू होतं.

## टप्पा ४: दिवसाचा दाब, वाद्याबाहेरचा

पुण्यात हा टप्पा म्हणजे आधी दुचाकी. कोथरूडहून हडपसरला रोज जाणारा माणूस ट्रॅफिकमध्ये क्लच-ब्रेक दाबून हाताला जेवढं राबवतो, तेवढं रियाजही राबवत नाही. शिवाय मनगट मागे वाकलेलं आणि वर हँडलची थरथर. गॅरेजमध्ये जाऊन ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली वळवून घ्या. काम पाच-दहा मिनिटांचं आहे. हात हँडलवर ठेवून बोटं लिव्हरवर टेकवली की मनगट सरळ राहिलं पाहिजे. क्लच जड असेल तर केबल बदला. तबला-डग्ग्याची बॅग एका हातावर किंवा कोपराच्या वळणात अडकवून गाडी चालवणं पूर्ण बंद.

दुसरा मोबाइल. आडवं पडून, कोपर दुमडून, करंगळीवर फोन तोलून अर्धा तास रील्स बघणं हे अल्नर नर्व्हला फार त्रासदायक. बोलताना इअरफोन लावा.

आयटीत काम असेल तर कीबोर्ड कोपराच्या उंचीवर ठेवा, आणि टेबलाच्या कडेवर मनगट किंवा कोपर टेकवून बसू नका. घरात पोळ्या लाटणं, पिळे घालणं, खोबरं किसणं ही मनगटाची कामं निदान सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी करावीत. मी हे घरच्यांना समोर बसवून सांगते, कारण वादक बाई असेल तर ‘वाजवू नको’ सगळे म्हणतात आणि पोळ्या मात्र तिलाच लाटायच्या असतात.

सावधान: बधिर हातावर गरम पाण्याची पिशवी किंवा गरम तेल वापरू नका, भाजलेलं कळत नाही. दबलेल्या नसेवर जोरात मालीश आणि हाडवैद्याचा झटका, दोन्ही टाळा.

## टप्पा ५: वाद्य आणि बैठक दुरुस्त करा

आता तो बाजूने काढलेला व्हिडिओ बघा. मनगट कुठे मोडतं आणि वाद्याची कड हाताला कुठे रुतते, हे दोनच प्रश्न विचारायचे.

तबला-डग्गा. डग्ग्यावर घिस्सा देताना तळव्याचा मनगटाजवळचा भाग पुडीवर दाबला जातो. नेमकं तिथेच बोगद्याचं छत आहे. डग्गा फार उंच किंवा तुमच्याकडे जास्त कललेला असेल तर मनगट वाकूनच दाबावं लागतं. चुंबळ बदलून कल कमी करा, बैठकीखाली एक घडी जास्त घ्या आणि हात वरून येऊ द्या. मींड काढायला दाब थोडा पुरतो, डग्ग्याची पुडी नीट लागलेली असेल तर. उतरलेल्या पुडीतून घुमारा काढण्यासाठी जोर लावणारे विद्यार्थी मी खूप बघते. तिथे हाताआधी डग्गा दुरुस्तीला न्यावा लागतो.

पेटी. जमिनीवर बसल्यावर पट्ट्या कोपराच्या पातळीच्या आसपास असाव्यात. पेटी खाली असेल तर मनगट मोडतं, एखादा पाट सरकवला की सुधारतं. भात्याच्या कडेवर तळव्याची बूड टेकवून रेटू नका, बोटांच्या मुळांनी हलका भाता मारा. भाता गळका असेल तर डावा हात विनाकारण दुप्पट राबतो.

सतार. फक्त तर्जनीचं टोक बधिर होत असेल तर नखी बघा. तार रुतण्याइतकी घट्ट नखी बोटाची बारीक नस दाबते, ती जराशी सैल करा. उजवा हात भोपळ्याच्या कडेवर जिथे टेकतो तिथे मऊ कापडाची घडी ठेवा.

व्हायोलिन आणि गिटार. व्हायोलिनमध्ये डावं कोपर सतत दुमडलेलं असतं, म्हणून तिथे अल्नर नर्व्ह. दर काही मिनिटांनी हात खाली सोडून कोपर सरळ करा. गिटारची मान थोडी वर उचलली की डाव्या मनगटाचा बाक कमी होतो. त्यासाठी पट्टा आखूड करा किंवा पायाखाली स्टूल घ्या.

बासरी. डाव्या तर्जनीच्या मुळाशी बासरीचं वजन येतं आणि मनगट मागे वाकतं. लांब बासरी काही आठवडे बाजूला ठेवून छोटीवर काम करा.

ढोल-ताशा. गणपतीच्या आधी सराव सुरू झाला की नदीपात्रात सराव करणाऱ्या पथकांतले हात माझ्याकडे दिसू लागतात. वर्षभर हाताला सवय नसते आणि पहिल्याच आठवड्यात तास-दोन तास सलग वादन होतं. टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, आवळून धरू नका. मुठीत बारीक वाटत असेल तर कापडी टेप गुंडाळून जाड करा, जाड मुठीला कमी आवळावं लागतं. ताशाच्या काड्यांनाही हेच लागू. दुसऱ्या हाताची थाप तळव्याच्या बुडाने देणाऱ्यांना मनगटातल्या अल्नर नर्व्हचा धोका असतो. थाप बोटांनी आणि पुढच्या तळव्याने द्या. आणि ढोल झेपत नाही म्हणून ‘मग ध्वज घे’ असं पथकप्रमुख सांगतात, ते ऐकू नका. ध्वज नाचवताना मनगटावर ताण जास्तच येतो.

## टप्पा ६: व्यायाम, पण रात्रीची जाग कमी झाल्यावरच

दबलेल्या नसेला ताणून मोकळं करता येत नाही. तिला तिच्या वाटेने अलगद सरकू द्यायचं असतं. मीडियन नर्व्हचा क्रम असा, आधी फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून घ्या:

१. मनगट सरळ, मूठ मिटलेली.
२. बोटं आणि अंगठा सरळ, अंगठा चिकटलेला.
३. मनगट हळू मागे.
४. अंगठा बाजूला उघडा.
५. तळवा आकाशाकडे वळवा.
६. दुसऱ्या हाताने अंगठा किंचित मागे.

प्रत्येक स्थितीत तीन-चार सेकंद. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मुंग्या जिथे सुरू होतात तिथून एक पायरी मागे यायचं. हात खाली घेतल्यावरही मुंग्या रेंगाळत असतील तर व्यायाम जास्त झाला, दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या. अल्नर नर्व्हचे व्यायाम यूट्यूबवरून उचलू नका. त्यात कोपर दुमडावं लागतं आणि मात्रा चुकली की त्रास वाढतो.

सहा आठवड्यांनी रात्रीची जाग तशीच असेल तर कार्पल टनेलमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा पर्याय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत इंजेक्शनने सहा आठवड्यांत रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा जास्त आराम दिला, सहा महिन्यांनी मात्र दोघांत फरक उरला नाही. म्हणजे इंजेक्शन वेळ मिळवून देतं. कार्यक्रम किंवा परीक्षा तोंडावर आहे म्हणून ते घेऊन दुसऱ्याच दिवशी तासभर वाजवणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, हे डॉक्टरांशी आधी बोला.

## टप्पा ७: वाद्यावर परत

हात थांबलेला असताना संगीत थांबवू नका. तबलजींनी पढंत करावी, कायद्याचे पलटे तोंडाने म्हणावेत, हाताने फक्त टाळी-खाली. इतरांनी रागाचा आलाप गाऊन बघावा. महिनाभर नुसती पढंत केलेला विद्यार्थी परत बसतो तेव्हा त्याची लय बहुतेकदा आधीपेक्षा पक्की असते, हे मी तबल्याच्या शिक्षकांकडूनही ऐकलं आहे.

रात्रीची जाग सलग दोन आठवडे नसेल तर सुरुवात करा.

- पहिला आठवडा: पाच मिनिटं वादन, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. विलंबित, हलक्या हाताने.
- सकाळी हात नेहमीसारखा असेल तरच पुढे. दर दोन-तीन दिवसांनी वादनात दोन-तीन मिनिटांची भर घाला.
- सलग वीस मिनिटं झेपली की लय वाढवा, पण तेव्हा वेळ वाढवू नका.
- लय बसल्यावर जोर. रेला, झाला, लग्गी हे सगळ्यात शेवटी.

वेळ, लय आणि जोर यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. इथे जवळजवळ प्रत्येकजण घाई करतो, कारण पंधरा मिनिटं वाजवल्यावर हात छान वाटतो. निकाल तेव्हा लागत नसतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. मुंग्या परतल्या तर एक पायरी खाली या आणि तीन दिवस तिथेच राहा. पूर्ण बंद करू नका.

डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांतल्या थंड सकाळी, हात गार असताना थेट वाजवू नका. कोमट पाण्यात दोन मिनिटं धरा, खांदे फिरवा, मग पहिली पाच मिनिटं संथ.

## बारा आठवड्यांनंतर

आराम असेल तर पट्टा आधी एक रात्र आड घाला, दोन आठवड्यांनी बंद करा आणि कपाटात हाताशी ठेवा. त्रास तसाच असेल, ताकद घटत असेल किंवा बधिरपणा कायमचा होत असेल, तर सर्जनचं मत घ्या आणि ते लांबवू नका. बिघडलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, आणि वाळलेला स्नायू पूर्ण परत येईलच असं नाही. पहिल्या टप्प्यातले हाताचे कागद, रिपोर्ट आणि पट्टा किती रात्री वापरला त्याची नोंद सोबत न्या. त्यावरून सर्जनला ठरवता येतं की आणखी थांबायला जागा आहे की नाही.